पोचलात की मिस्ड कॉल द्या

बाबांना जाऊन पाच महिने झाले आणि आई अजून त्यांचा फोन रोज रात्री चार्जिंगला लावते. आम्ही कुणी काही बोलत नाही. पहिल्या महिन्यात भावाने एकदा विचारलं होतं की नंबर बंद करायचा का, तर आई एवढंच म्हणाली, "लोक फोन करतात त्यावर." आणि खरंच करतात, ज्यांना बाबा गेल्याचं माहीत नाही ते करतात आणि ज्यांना माहीत आहे ते पण करतात, मग दोन मिनिटं आईशी बोलून ठेवतात.

बरेच दिवस बाबांबद्दल लिहायचं म्हणत होते पण बसलं की सुचायचं नाही, कारण बाबांच्या आयुष्यात सांगण्यासारखं मोठं असं काही घडलंच नाही असं वाटायचं. नोकरी केली, रिटायर झाले, आम्हाला दोघांना वाढवलं, नातीचा अभ्यास घेतला. आणि रक्तदानाचं काम केलं, छत्तीस वर्षं. यातली पहिली अठरा वर्षं स्वतः रक्त दिलं आणि नंतरची अठरा वर्षं रक्त देणाऱ्यांच्या शेजारी बसले. हा हिशेब मी नाही काढला, आईने काढला.

सुरुवात कशी झाली ते घरात सगळ्यांना पाठ आहे. १९८९ साली माझा भाऊ झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. बाळ ठीक होतं पण आईचं रक्त थांबेना. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे बाळंतिणींच्या मृत्यूचं जगभरातलं एक फार मोठं कारण आहे हे मला खूप नंतर कळलं, तेव्हा फक्त एवढं कळत होतं की बाबा घरी येत नाहीयेत आणि मावशी माझ्याशी जास्तच गोड बोलतेय. आईचा गट ए निगेटिव्ह. निगेटिव्ह रक्त एरवीच कमी लोकांचं असतं, बाबांचं बी पॉझिटिव्ह म्हणजे तिला काही उपयोगाचं नाही. हॉस्पिटलमध्ये एक बाटली मिळाली, आणखी हवं होतं, मग बाबा रात्रभर फिरले आणि पहाटे दुसऱ्या ब्लड बँकेतून दोन बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून, तो डबा मांडीवर धरून मित्राच्या स्कूटरवर मागे बसून आले. आई वाचली.

नंतर ते त्या ब्लड बँकेत विचारायला गेले की हे रक्त कुणाचं होतं, मला त्या माणसांना भेटायचंय. अर्थात सांगत नाहीत, सांगायचं नसतंच. तिथल्या बाईंनी म्हणे शांतपणे सांगितलं की तुम्हाला द्यायचं असेल तर तो बेड रिकामा आहे. बाबा त्या बेडवर झोपले ती त्यांची पहिली वेळ.

आणखी एक गोष्ट बाबांना पुढे डॉक्टरांकडून कळली आणि ती ते आयुष्यभर विसरले नाहीत. आई निगेटिव्ह आणि मी पॉझिटिव्ह, त्यामुळे माझ्या वेळी आईच्या अंगात माझ्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार व्हायची भीती होती, त्याने पहिल्या मुलाला सहसा काही होत नाही पण त्या अँटिबॉडी पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या लाल पेशी फोडू शकतात. म्हणून बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन देतात. आईला ते १९८४ ला दिलं होतं. आणि हे इंजेक्शन कशापासून बनतं तर दुसऱ्या माणसांनी दिलेल्या प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या पातळ, पिवळसर भागापासून. बाबा भावाला म्हणायचे, "तू जन्मायच्या पाच वर्षं आधीच कुणीतरी तुझ्यासाठी हात पुढे केला होता."

म्हणून ऑस्ट्रेलियातल्या जेम्स हॅरिसनबद्दल बाबांना घरातल्या माणसासारखं वाटायचं. हे इंजेक्शन ज्यापासून बनतं ती अँटी-डी अँटिबॉडी त्या गृहस्थांच्या प्लाझ्मात भरपूर होती, १९५४ पासून २०१८ पर्यंत त्यांनी ११७३ वेळा दान केलं, आणि त्यातून बनलेल्या औषधाचा २४ लाख बाळांना उपयोग झाला असं मानतात. चौदाव्या वर्षी छातीच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये त्यांना स्वतःला खूप रक्त लागलं होतं, तेव्हा ठरवलं की मोठा झालो की देणार. आणि त्यांना सुईची भीती वाटायची! सुई टोचताना ते कधीच बघायचे नाहीत. बाबांना हा भाग सगळ्यात आवडायचा. "मी जन्मलो त्या वर्षी या माणसाने सुरुवात केली," असं सांगायचे, बाबांचा जन्म १९५४ चा. २०२५ च्या मार्चमध्ये हॅरिसन गेल्याची बातमी आली तेव्हा बाबांनी ती आईला मोठ्याने वाचून दाखवली, मग पेपर घडी करून बराच वेळ नुसते बसले होते.

त्यानंतर सात महिन्यांनी बाबाच गेले.

मला हे सगळं लिहिताना ते फार थोर वगैरे होते असं चित्र उभं करायचं नाहीये. लहानपणी मला त्यांच्या या कामाचा राग यायचा, खूप राग यायचा. बारा वर्षांची असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये माझा पहिल्यांदा मोठा रोल होता, बाबा येणार होते, मी पडद्याच्या फटीतून तीनदा बघितलं, आई होती, भाऊ होता, मधली खुर्ची रिकामी. कुणाला तरी ओ निगेटिव्ह हवं होतं आणि डोनरला घरून उचलून ब्लड बँकेत न्यायचं होतं. मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. तिसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना (बाबाच घालायचे माझ्या वेण्या, आई हॉस्पिटलमध्ये होती त्या महिन्यात शिकले आणि मग ते काम कायमचं त्यांच्याकडेच राहिलं, इतक्या घट्ट घालायचे की भुवया वर जायच्या) तर वेणी घालताना म्हणाले, "चुकलं माझं. तुला आधी सांगायला पाहिजे होतं." एवढंच. सबब नाही सांगितली की बघ तिकडे कुणाचा जीव होता. सांगितली असती तर माझा राग गेला नसता, हे मला आज कळतं.

पुढच्या रविवारी मला बरोबर घेऊन गेले. थॅलेसेमियाच्या मुलांचा वॉर्ड होता तो. या मुलांच्या शरीरात हिमोग्लोबिन नीट तयार होत नाही, त्यामुळे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, जन्मभर. एक सात वर्षांचा मुलगा डाव्या हाताला सलाईनची नळी आणि उजव्या हाताने पत्त्यांचा बंगला करत बसला होता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "हलू नको, पडेल." मी अर्धा तास हलले नाही. त्या मुलाला बाबा पुढे नेहमी भेटत राहिले, प्रत्येक पिशवीतून अंगात २०० ते २५० मिलिग्राम लोह जातं आणि ते साठून हृदय, लिव्हर बिघडतं म्हणून लोह बाहेर काढायची औषधं घ्यावी लागतात, ती तो वेळेवर घेतो की नाही हे विचारायला बाबा फोन करायचे, तो कंटाळायचा, तरी करायचे. तो आता नोकरी करतो, लग्न झालंय. बाबा गेले त्या दिवशी तो आमच्या दारात उभा होता आणि आत यायलाच तयार नव्हता.

बाबांचं रजिस्टर म्हणजे एक जाड लांब वही होती, तशा एकूण चार झाल्या. नाव, गट, फोन, शेवटचं कधी दिलं, पुढे कधी देता येईल. शेवटच्या रकान्यात काहीबाही लिहिलेलं, "मुलीची परीक्षा, मार्चमध्ये नको", "सुई बघू देऊ नये", "बायको काळजी करते, तिच्याशी आधी बोलणे". मोठमोठ्या शिबिरांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं आणि हे ते तोंडावर सांगायचे त्यामुळे काही लोक दुखावले पण गेले. त्यांचं म्हणणं असं की लाल पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर ५ दिवस, त्या पण २०-२४ डिग्रीला सतत हलवत ठेवाव्या लागतात, मग एका दिवशी पाचशे पिशव्या गोळा करून फोटो काढले आणि दोन महिन्यांनी फ्रीज रिकामा, याचा पेशंटला काय उपयोग? सुट्ट्यांमध्ये तर दरवेळी टंचाई. त्यापेक्षा दर आठवड्याला दहा माणसं गेली पाहिजेत. "रक्त साठवून ठेवता येत नाही, माणसं साठवून ठेवावी लागतात," असं म्हणायचे आणि मग संध्याकाळी वही उघडून त्या आठवड्यात ज्यांची तारीख आली असेल त्यांना फोन लावायचे. कधीही "या" म्हणून सुरुवात करायची नाही, आधी घरचं सगळं विचारायचं. कुणाला ताप, कुणाची औषधं चालू, कुणाला नको वाटतंय, तर ठीक आहे, पुढच्या वेळी. पण नाव वहीतून काढायचं नाही.

त्या वहीत एका नावाखाली लाल पेनाने दोन रेघा आहेत, ते बॉम्बे ब्लड ग्रुपवाले गृहस्थ. हा गट १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला. साध्या तपासणीत तो ओ सारखाच दिसतो पण या लोकांना ओ सुद्धा चालत नाही, त्यांना त्यांच्याच गटाचं लागतं. बाबा त्या गृहस्थांना शिबिराला कधी बोलवायचे नाहीत. उलट दर तीन महिन्यांनी फोन करून फक्त तब्येत विचारायचे, गावाला जाणार असाल तर सांगून जा म्हणायचे. दोनदा त्यांना रात्री उठवून न्यायची वेळ आली, दोन्ही वेळा ते आले.

२००७ मध्ये बाबांना हार्टचा त्रास झाला. त्यातून बरे झाले पण डॉक्टरांनी सांगितलं की आता रक्त द्यायचं नाही, कधीच नाही. तोपर्यंत ६१ वेळा दिलं होतं. त्यांना त्रास झाल्याचं काही वाटलं नाही पण हे फार लागलं, महिनाभर वही उघडली नाही, संध्याकाळी गॅलरीत उभे राहायचे. आई त्यांना कधी काही सांगायला जायची नाही, पण एका रविवारी तिनेच इस्त्रीचा शर्ट आणून ठेवला आणि म्हणाली, "अहो, बेडवर झोपता येत नसलं तर शेजारी बसता येतं ना?"

तिथून पुढे बाबांचं काम म्हणजे स्टूल घेऊन बेडच्या शेजारी बसायचं. पहिल्यांदा आलेली पोरं, घाबरलेले, एकटे आलेले असे सगळे त्यांच्याकडे. मी बघितलंय त्यांना, ते सुईकडे, पिशवीकडे बघायचेच नाहीत, माणसाच्या वरच्या ओठाकडे बघायचे. चक्कर यायच्या आधी तिथे घाम येतो. चेहरा पांढरा पडतो, माणूस जांभया द्यायला लागतो, बोलता बोलता मध्येच गप्प होतो. आणि हे सुई टोचायच्या आधी पण होऊ शकतं, भीतीने नाडी मंदावते, बीपी पडतं, म्हणून ते आल्याआल्या प्रत्येकाला अर्धा लिटर पाणी प्यायला लावायचे आणि बेडवर पाय एकमेकांवर टाकून मांड्या आवळायच्या, सोडायच्या, परत आवळायच्या हे शिकवायचे, त्याने बीपी टिकून राहतं. कुणाला वाटायचं काकांचा वेळ जात नाही म्हणून काहीतरी सांगतायत. पण काकांच्या बेडवर माणसं कमी पडायची हे तिथल्या नर्सेसना माहीत होतं.

मिस्ड कॉलचं सुरू झालं ते एका मुलामुळे. रक्त दिलं, पंधरा मिनिटं बसला, हसत गेला आणि दोन तासांनी स्वतःच्या जिन्यात चक्कर येऊन पडला, हनुवटीला टाके पडले. रक्त दिल्यावर काही तासांनी पण असं होऊ शकतं, फार कमी लोकांना होतं पण होतं. बाबांना ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्याच्या घरी जाऊन आले, त्याच्या आईची माफी मागून आले, ती बिचारी म्हणत होती तुमचा काय दोष. तेव्हापासून प्रत्येकाला निघताना, "घरी पोचलात की मिस्ड कॉल द्या." संध्याकाळी वही पुढ्यात, फोन शेजारी. एकेक मिस्ड कॉल आला की नावापुढे टिक. आठ वाजेपर्यंत ज्याचा आला नाही त्याला स्वतः फोन. सगळ्यांच्या टिका झाल्याशिवाय वही बंद नाही.

आणि हे वाक्य आमच्यासाठी नवीन नव्हतंच. "पोचलीस की फोन कर" हे मी कॉलेजपासून ऐकत आलेय. लग्न झाल्यावर पण, चाळिशीत पण, दहा मिनिटांच्या अंतरावर जाणार असले तरी पण. कित्येकदा मी चिडून म्हणलंय, बाबा मी लहान आहे का आता. त्यावर ते काही बोलायचे नाहीत पण झोपायचे पण नाहीत. मी फोन करायला विसरले तर साडेदहाला आईचा मेसेज यायचा, "पोचलीस का? हे जागे आहेत."

माझ्या लेकीचा अभ्यास घ्यायचे तेव्हा तिच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी दोघांनी मिळून ए, बी, एबी, ओ चा एक मोठा तक्ता केला होता, पेशींवर टिकल्या चिकटवून. कार्ल लँडस्टायनरने रक्तगट शोधले, त्याला १९३० चं नोबेल मिळालं, त्याचा वाढदिवस १४ जून म्हणून त्या दिवशी जागतिक रक्तदाता दिन, हे ती अजून धडाधड सांगते. तिला विचारलं आजोबांनी अजून काय शिकवलं तर म्हणते वेणी.

गेले ते पहाटे, झोपेत. आईने हात लावून बघितलं आणि तिला कळलं. मी पोचले तेव्हा खोलीतला पंखा बंद होता, बाबांच्या डोक्याखाली दोन उशा होत्या, मिटलेल्या डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या. मला काही समजेना, मी पंखा लावायला गेले तर आई म्हणाली, "राहू दे गं, डोळे सुकतील." नेत्रदान सहा तासांच्या आत व्हायला लागतं. तिने पहिला फोन आय बँकेला केला होता आणि दुसरा आम्हाला. हे दोघांचं कधी ठरलं होतं देव जाणे, पण तिचा हात जरासुद्धा थरथरत नव्हता, माणसं येऊन डोळे घेऊन गेली आणि मग ती बसली आणि मग रडली.

मागच्या रविवारी बाबांच्या ग्रुपने शिबिर घेतलं. छोटंच, बाबांना आवडलं असतं तेवढं. मी आजवर तीनदा प्रयत्न केला होता आणि तिन्ही वेळा हिमोग्लोबिन कमी भरून परत आले होते, १२.५ लागतं आणि माझं कधी ११.२, कधी ११.८, एकदा तर १२.१. बाबा दरवेळी म्हणायचे "अगं होईल," आणि लोहाच्या गोळ्या संपल्या का विचारायचे. यावेळी १२.९ भरलं. बेडवर झोपले, शेजारी स्टुलावर तोच पत्त्यांच्या बंगल्यावाला मुलगा बसला होता, तो रक्त देऊ शकत नाही, त्याने आधी मला पाणी प्यायला लावलं आणि मग सांगितलं, पाय एकमेकांवर टाक ताई. माझ्या वरच्या ओठाकडे बघत होता. मी हसले की रडले मला आठवत नाही.

संध्याकाळी आईकडे गेले. तिने बाबांची चौथी वही पुढ्यात घेतली होती, शिबिरातली नावं मीच त्यात लिहून घेतली होती, सव्वीस, आणि शेजारी बाबांचा फोन. मला वाटलं कोण करणार आता. आम्ही कुणालाच काही सांगितलं नव्हतं. पाच वाजून गेल्यावर पहिला आला. मग दुसरा. मग लागोपाठ तीन. जुन्या लोकांनी नवीन लोकांना सांगितलं असणार, कारण बाबांना कधी न भेटलेल्या पोरांचे पण आले. आई चष्मा लावून नंबर जुळवत होती आणि टिक करत होती, बाबा करायचे तशीच, लांब शेपटीची. आठ वाजेपर्यंत चोवीस झाले. एकाला तिने स्वतः फोन लावला, तो झोपून गेला होता, बिचारा तीनदा सॉरी म्हणाला.

मग वहीतल्या शेवटच्या नावावर बोट ठेवून तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आणि तू?"

"पोचले," मी म्हणलं.

तिने टिक केली आणि वही बंद केली.